बोळातली भिंत

"यानं बोळात भिंत वाढवलीय. कापून टाका," थोरले मोरेश्वर पाटणकर म्हणाले.

"माझी नाही, त्याचीच वाढलीय," धाकटे वसंतराव समोरच्या ओट्यावरून म्हणाले. वाटणी झाल्यापासून दोघा भावांत अबोला होता.

नगरपालिकेच्या अतिक्रमण निरीक्षक इंदुमती घरत यांनी करवत खाली ठेवली. जिवंत विटांची घरं आल्यापासून हद्दीबाहेर वाढलेल्या भिंती छाटणं हेच त्यांचं काम होतं. इथे मात्र दोन्ही घरांच्या भिंती वाढत येऊन बोळाच्या मधोमध एकजीव झाल्या होत्या. इंदुमतींनी दोन्ही बाजूंवर बोट फिरवलं आणि वास घेतला.

"या विटा आपोआप वाढत नाहीत. गुळाचं पाणी मिळेल तिकडे वाढतात. गूळ दोन्हीकडे आहे."

दोघे भाऊ आपापल्या बाजूच्या भिंतीकडे बघू लागले.

"आता कापून वेगळी केली तर दोन्ही घरं वाळतील. नियमानं हे यापुढे एकच घर. मधे दार काढा आणि नांदा."

करवत खांद्याला लावून त्या निघाल्या. मागून मोरेश्वररावांचा आवाज आला.

"वसंता, तू गूळ कुठला घालतोस रे? तुझी बाजू जास्त वाढलीय."