एकाची संमती बाकी

सोसायटीच्या पत्राला काकांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. इमारत पाडून नवी बांधायला तुमची संमती आहे का, एवढंच त्यात विचारलं होतं. बाकी सगळ्यांच्या सह्या कधीच झाल्या होत्या. आता सभेत सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या आणि काका खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसले.

खरं तर त्यांचा विरोध नव्हताच. पत्र आलं त्या संध्याकाळी ते सहीसाठी पेन शोधत होते, तेवढ्यात दार वाजलं. पहिल्या मजल्यावरचा औषधवाला त्यांना समजवायला आला होता. बायको गेल्यापासून दूधवाल्याखेरीज त्या दाराशी कुणी फिरकलं नव्हतं. काकांनी घाईघाईनं समोरच्या खुर्चीवरची पुस्तकं जमिनीवर ठेवली, चहा टाकला आणि तोंडाला येईल ती शंका विचारली. दुसऱ्या दिवशी औषधवाला सेक्रेटरीबाईंना घेऊन आला.

मग तसंच चालू राहिलं. काकांची सगळी नोकरी वाचनालयात गेलेली. दुपारभर नियमांची पुस्तकं चाळायची आणि संध्याकाळसाठी एक नवी शंका तयार ठेवायची. गच्ची कुणाची? मधल्या काळातलं भाडं कोण देणार? लिफ्ट बंद पडली तर? पुस्तकं पुन्हा त्या खुर्चीवर गेलीच नाहीत.

"काकांनी मला जेवढे प्रश्न विचारले," औषधवाला सभेत म्हणाला, "तेवढे लग्नाच्या वेळी सासऱ्यांनीही विचारले नव्हते!"

हशा पिकला. काकाही हसले. चारचौघांत आपली कुणी थट्टा करावी, हेच त्यांना किती दिवसांनी मिळालं होतं.

त्यांच्याच खालच्या घरात राहणारी, शिवणकाम करणारी ताई मात्र हसली नाही. ती उभी राहिली.

"काका, काल आमच्या छताचं प्लास्टर पाळण्यात पडलं. बाळ माझ्या कडेवर होतं म्हणून वाचलं. सांगा ना, अजून कसली शंका राहिलीय तुमची?"

जे होतं ते या एवढ्या माणसांत सांगणार तरी कसं?

"काही नाही," ते पुटपुटले. "देतो संमती."

टाळ्या पडल्या. औषधवाल्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "सुटलो बुवा! तुमचे जिने चढून गुडघ्यांची पार वाट लागली होती. आता तुमचं उत्तर लिहा आणि उद्या खालच्या पेटीत टाका, म्हणजे मिटलं. वर यायचं कामच नाही कुणाला."

तो हे आपुलकीनंच बोलला होता. बघता बघता सगळे आपापल्या घरी गेले. काका कठड्याला धरून एकटेच जिना चढले.

सकाळी त्यांनी स्वच्छ अक्षरात उत्तर लिहिलं. माझी पूर्ण संमती आहे. अट काही नाही. ताईच्या घराचं काम आधी बघावं. शेवटच्या ओळीखाली पेन टेकवलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि टोपण लावून टाकलं. मग खाली जाऊन त्यांनी पाकीट सोसायटीच्या पेटीत सोडलं.

सही तेवढी त्यांनी केली नव्हती. तिच्यासाठी कुणाला तरी आणखी एकदा वर यावंच लागणार होतं.