भांडखोर गावची सून

तिच्या माहेरच्या गावाचं नाव निघालं की लोक कोपरापासून हात जोडायचे. तिथल्या बायका म्हणे पदर खोचूनच जन्माला येतात. म्हणून सासरी पाठवताना आईने तिला बजावलं होतं, "तोंडाला कुलूप घाल बाई, आपल्या गावाचं नाव आधीच खराब आहे."

सुनेने ते कुलूप वर्षभर इमानेइतबारे सांभाळलं. वरच्या मजल्यावरची बाई रोज न पिळलेल्या चादरी कठड्यावर टाकायची आणि त्यांचं पाणी थेट यांच्या वाळत आलेल्या कपड्यांवर गळायचं. सासूबाई नुसत्या वर बघून सुस्कारा सोडायच्या. सुनेच्या जिभेवर एकेक अस्सल माहेरचं वाक्य येऊन बसायचं, पण ते गिळून ती निमूटपणे कपडे परत धुवायला घ्यायची.

आज तर कहर झाला. वरच्या लाल चादरीचा रंग उतरला आणि मामंजींचा पांढराशुभ्र शर्ट गुलाबी होऊन गेला. सासूबाईंनी मोठ्या आशेने सुनेकडे पाहिलं.

सुनेने ओठ आवळले, मोठा श्वास घेतला आणि हसून म्हणाली, "असू दे हो आई. चुकून झालं असेल त्यांच्याकडून."

सासूबाई मटकन खाली बसल्या.



"असू दे काय, असू दे? अगं, मला मेलीला भांडता येत नाही, म्हणून तर तुझं गाव बघून तुला पसंत केली होती!"