पात्यावरचं नाव

"पंखा जरा बंद कर गं, नाव दिसत नाहीये," म्हणत कोळंबकरांनी मोबाइल वर धरला. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता. सहा वर्षांपूर्वी कॉलेजला पंखा देताना त्यांनी पात्यावर नाव चांगलं ठसठशीत रंगवून घेतलं होतं. वर्गातल्या मुली निमूटपणे वह्यांनी वारा घेऊ लागल्या.

पंखा थांबला, पण नाव धुळीनं माखलेलं. त्यांचा वर्गमित्र नारकर शिडी घेऊन आला. बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. दर शनिवारी इथली कामं तो फुकट करायचा. वर चढून त्यानं फडक्यानं नाव लख्ख केलं.

"सहा वर्षं झाली, पण काय वारा देतो बघ माझा पंखा!" कोळंबकर म्हणाले.

"मोटर दुसऱ्याच वर्षी जळली रे," नारकर शिडीवरून सहज म्हणाला. "दुकानातली नवी बसवली मी. पाती मात्र तुझीच ठेवली, नाव होतं ना."

कोळंबकरांना मान वर करवेना. समोर मुलींच्या वह्या अजून हलतच होत्या. नारकर उतरल्यावर, फोटो न काढताच, त्यांनी स्वतः जाऊन बटण दाबलं. पंखा गरगरला, नाव दिसेनासं झालं.