शेवटच्या आंब्याची धुरी

कोकणात आंब्याचं एकच झाड उरलं होतं, सरस्वतीकाकूंच्या परसात. बाकीची सगळी परदेशी भुंगेऱ्यांनी पोखरली होती. त्यांच्या अळ्या मारणाऱ्या, प्रयोगशाळेतल्या शेवटच्या चाळीस माश्या डॉ. वैजयंतीने काल या झाडावर सोडल्या होत्या. फवारणी करू नका, असंही काकूंना बजावलं होतं.

सकाळी ती आली, तर झाडाखाली शेणींचा धूर कोंदला होता.

"ये गो, वैजू! पाच वर्षांनी मोहर आला, म्हणून धुरी दिली. माझी आई द्यायची. किडे कसे पटापट पडले बघ!"

राखेभोवती माश्या तिळासारख्या पडल्या होत्या. एकही हलत नव्हती.

"पहिला आंबा तुलाच हो!"

"हो, काकू," म्हणत वैजयंती खोडाला टेकली. आतलं अळ्यांचं कुरतडणं स्पष्ट ऐकू येत होतं.