हिरवा दिवस

फिलिपिन्समधल्या बातांगासच्या त्या किनाऱ्यावर लाटांचा अंदाज वाचण्यात डोमेंगचा हात धरणारा कोणी नव्हता. लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद मोबाइलवर पाहिले, की पर्यटक पाहुण्यांना कुठल्या खडकाशी बुडी मारायला न्यायचं हे तर तो सांगेच, वर परतताना होडीत आधी कोण ओकेल तेही सांगे.

त्याची सासू समोरच्या बेटावरून दोन दिवसांसाठी म्हणून येई, आणि 'समुद्र खवळलाय' म्हणत महिनाभर राही. पहाटेपासून कराओकेवर अशी गाई, की माडावरचे नारळ कोवळेच गळून पडत. म्हणून मागच्या खेपेला डोमेंगने तिलाही मोबाइलवरचा अंदाज वाचायला शिकवलं होतं. हिरवा दिवस प्रवासाचा, लाल दिवस घरी बसायचा.

या खेपेला दोन दिवस सरले तसा तो सासूला म्हणाला, "नानाय, समुद्र कसा तेल ओतल्यासारखा आहे. दुपारची बोट धरा."

"मग तुमच्या पाहुण्यांची बुडी का रद्द केलीत, जावईबापू?" सुके मासे तळता तळता सासूने मोबाइल पुढे केला. "लाट अडीच मीटर. आणि पुढचे नऊ दिवस लाल."

डोमेंगने कपाळाला हात लावला. "अहो, मग परवाचा दिवस हिरवा होता, तेव्हाच प्रवास करायचा ना."

"केला की," कढई उतरवून माइक हातात घेत सासू म्हणाली. "परवाच तर आले."