शहाण्या मुलीचा फोटो

"ही मी," आत्या म्हणाली आणि काचेवर बोट टेकवायला गेली. फोटो-संग्रहालयातल्या बाईंनी तिचा हात वरच्यावर धरला.

"आजी, काचेला हात नाही लावायचा. लांबून बघा."

"माझाच फोटो आणि मलाच हात लावायची चोरी."

बाजूच्या खुर्चीत भाचा मोबाइल बघत बसला होता. तो हसला नाही. आत्याच्या विनोदाला हसलं की तो परत ऐकावा लागतो, हा धडा तो लहानपणीच शिकला होता.

बाईंच्या त्या खोलीत जुने घरगुती फोटो जपून ठेवत. अलीकडेच बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह तिथे आल्या होत्या. त्यातली एक प्रदर्शनात दारासमोर भलीमोठी करून लावायची होती. खुर्चीवर आई, शेजारच्या उंच स्टुलावर चारेक वर्षांची मुलगी. आईचा एक हात मुलीच्या मानेमागे, आणि मुलीचे टपोरे डोळे थेट बघणाऱ्यावर रोखलेले. अट एकच होती. फोटोतली माणसं कोण, ते घरच्याच कोणीतरी येऊन सांगायचं. नाव नाही, तर फोटो नाही.

वर्तमानपत्रात तो छापून आला आणि आत्या चहा अर्धा टाकून उठली. हाच फोटो तिच्या माहेरी आयुष्यभर भिंतीवर होता. धाकट्या भावांचे फोटो ढिगाने निघाले, तिचा लहानपणीचा एवढा एकच. पण त्यात आई होती आणि भावांपैकी एकही नव्हता. ही जमेची बाजू तिने भावांना कधी विसरू दिली नव्हती. आता तर दारासमोर! गल्लीतल्या प्रत्येक घराला तिने आमंत्रण देऊन ठेवलं होतं, ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांनाही. त्यांना तर आधी.

"फोटो काढला तेव्हाचं काही आठवतं तुम्हाला?" बाईंनी पेन उघडलं.

भाच्याने डोळे मिटून घेतले.

"न आठवायला काय झालं? अगदी काल झाल्यासारखं," आत्या म्हणाली. "मिट्ट काळोख. नुसते आवाज. आईची छाती धडधडतेय, अशी कानाशी. फोटोवाला तिला म्हणतो, 'हात काढू नका हं, मान पडेल.' मग खट्ट झालं. मग म्हणतो, 'जराही हलली नाही हो पोर.' अशी शहाणी होते मी."

"काळं कापड फोटोवाल्याच्या डोक्यावर असतं, आत्या. तुला कुठला काळोख?"

"तू होतास तिथे?"

या प्रश्नावर भाचा दर वेळी हरायचा. आजही हरला.

बाईंचं पेन मात्र 'मान पडेल' पाशीच थांबलं होतं. त्यांनी टेबलावरच्या दिव्याच्या पेटीवर काच ठेवली, भिंग डोळ्याला लावलं आणि काच जराशी तिरकी केली. बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या.

"काय गं? नाक फेंदारलेलं दिसतंय का?" आत्याने विचारलं.

"स्टुडिओवाले तेव्हा काचेवरच हात फिरवायचे. देवीचे व्रण घालवायचे, रंग उजळायचे."

"मग माझं काय उजळलंय?"

"डोळे." बाईंनी भिंग खाली ठेवलं. "पांढरं पेन्सिलीने भरलंय. बुबुळं सुरीच्या टोकाने खरवडलीत. त्याच्या खाली पापण्या मिटलेल्या आहेत, आजी."

"झोप लागली असेल."

"झोपलेलं मूल श्वास घेतं. फोटोला तेव्हा काही सेकंद लागायचे, तेवढ्या हालण्यानेही तो पुसट यायचा. यात आई पुसट आहे. मुलीच्या फ्रॉकची झालर बघा, एकेक टाका मोजता येतो." त्या थांबल्या. "मूल गेलं की असा फोटो काढून घ्यायचे. आठवणीला."

भाच्याने मोबाइल उलटा ठेवला. आत्या काचेकडे बघत राहिली.

"मग ही कोण?"

"ते मला नाही सांगता येणार. पण ही तुम्ही नाही. तुमच्या नावाने नाही लावता येणार हा फोटो."

"पण आत्याने जे ऐकलं ते..." भाचा घुटमळला. "माझ्या आजीने, तिच्या आईने, सांगितलं असेल तिला."

"आईने या फोटोबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही कधी," आत्या म्हणाली. "फक्त फोटो पुसायची." मग हळूच म्हणाली, "म्हणजे एकही नाही माझा."

बाईंना आता तिच्याकडे बघवेना. त्यांनी पुन्हा काच पुढ्यात ओढली. काचेच्या खालच्या भागावर काळा कागद चिकटवलेला होता. तेवढा भाग छापून येऊ नये, म्हणून स्टुडिओवाल्याने केव्हातरी लावलेला. गोंद सुकून गेला होता. चिमट्याने धरताच कागद अख्खा सुटून आला.

खाली उजेड झाला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. पण पोट ते पोटच. आई खुर्चीत अवघडून बसली होती. एक हात मेलेल्या मुलीच्या मानेमागे होता. दुसरा पोटावर होता, आणि त्या पोटाचे दिवस भरत आले होते.

"आजी," बाईंनी जपून विचारलं, "भावंडांत थोरल्या तुम्हीच ना?"

"मीच."

आत्या पुढे वाकली. या वेळी तिला कोणी अडवलं नाही. तिने हात लावलाही नाही. ती नुसती बघत राहिली.

"तरीच," ती म्हणाली, "मला काही दिसत नव्हतं."