सकाळची आणि दुपारची

ड्यूटीचा नवा तक्ता भिंतीवर लागून दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि दोघी एकदमच ताईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शिडी आणि भिंगरी, हॉटेलात पडलेली नावं. जो प्रसंग त्या वर्षभर टाळत आल्या होत्या, तो आपल्या पायांनी चालत आला होता.

ताई परदेशातल्या एका मोठ्या हॉटेलच्या हाउसकीपिंगच्या मुख्य. वीस वर्षांपूर्वी या धंद्यात स्वतः बादली-फडकं घेऊन लागलेल्या. आता हाताखाली चाळीस माणसं, अकरा देशांची. कोण काय खात नाही, कुणाला चारचौघांत रागावलेलं सोसत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्या भाषेतला 'ताई' हा एक शब्द मात्र अकराही देशांना येत होता.

शिडी उंच, पडदे काढायला तिला स्टूल लागत नसे. भिंगरी बुटकी, खोली वीस मिनिटांत लख्ख करायची. दोघी कामाला सोनं, पण दोघींच्या देशांचं एकमेकांशी युद्ध चाललेलं. आधीच्या हॉटेलात अशाच दोन देशांच्या दोन आचाऱ्यांत बातम्यांवरून जुंपली होती, आणि तापलेला तवा एकाच्या हातावर बसला होता. तो वास ताई विसरल्या नव्हत्या. म्हणून या दोघी कामाला लागल्या त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, एकीचं तोंड दुसरीला दिसता कामा नये. शिडी सकाळी सातला, भिंगरी दुपारी तीनला. एक तिसऱ्या मजल्यावर, दुसरी सातव्या. कपड्यांची कपाटंसुद्धा दोन टोकांना. वर्ष निभावलं. ताईंना त्याचा मनातून अभिमान होता.

मग नवे साहेब आले. पाहुण्यांना खोल्या लवकर हव्यात, तेव्हा एक तारखेपासून सगळे सकाळी, असा हुकूम निघाला. ताईंनी जीव मुठीत धरून तक्ता केला.

"बसा," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

"आम्हाला एका शिफ्टला नको, ताई," शिडी म्हणाली.

"अजिबात नको," भिंगरीने तिची री ओढली. "हात जोडते."

ताईंनी घसा साफ केला. या वेळेसाठीचं भाषण त्यांनी कधीचं पाठ करून ठेवलं होतं. "हे बघा, तिकडे काय चाललंय ते मला ठाऊक आहे. पण या दाराच्या आत आपण सगळे—"

"मग पोरींना कोण बघणार?" भिंगरी मधेच म्हणाली.

"कुठल्या पोरी?"

हॉटेलात सगळ्यांची मिळून एक मोडकीतोडकी भाषा होती. तीत, एकमेकींना शब्द पुरवत, दोघींनी सांगितलं. भिंगरीला कामाला लागून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मूल सांभाळणाऱ्या शेजारणीने ऐनवेळी नाही म्हटलं. पाच महिन्यांची पोर कडेवर घेऊन ती तीन वाजता मागच्या फाटकात रडत उभी होती. काम सोडावं, की पोरीला कुठे ठेवावं, काही सुचेना. शिडी तेवढ्यात काम आटोपून बाहेर पडत होती. तिने काही विचारलं नाही, नुसते हात पुढे केले. भिंगरीने शत्रूच्या देशातल्या बाईच्या हातात पोर दिली, आणि त्या संपूर्ण शिफ्टमध्ये तिला एक चादर धड अंथरता आली नाही. रात्री शिडीच्या घरी न्यायला गेली तर पोर दूध पिऊन शिडीच्या चार वर्षांच्या मुलीशेजारी गाढ झोपलेली.

आता दोघींनी मिळून दोन खोल्या घेतल्या होत्या. नवरे तिकडेच अडकलेले. सकाळी दोन्ही पोरी भिंगरीकडे, दुपारनंतर शिडीकडे. रोज तीनला मागच्या फाटकात पोरींची सोपवासोपवी. ताई त्या वेळी रोज साहेबांच्या मीटिंगमध्ये असायच्या.

ताईंनी फोन उचलला. "साहेब, एक नाव मी दुपारीच ठेवतेय. दुपारनंतर येणाऱ्या पाहुण्यांना कुणीतरी लागतंच." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि घरी लहान मुलं आहेत."

"तुमची माणसं तुम्ही ओळखता," साहेब म्हणाले. "ठेवा."

ताईंनी फोन ठेवला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

शिडी उठली आणि तिने ताईंचे दोन्ही हात हातात घेतले. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही आमच्या वेळा अशा लावल्या नसत्या, तर त्या दिवशी फाटकात आमची गाठच पडली नसती. आमच्या अर्जांवर मुली लिहिलेल्या तुम्ही वाचल्या, हो ना? सगळी सोय तुम्हीच केलीत, आणि आम्ही वर्षभरात एकदा आभार मानले नाहीत."

गप्प बसणं सोपं होतं. आभार फुकट पदरात पडत होते. पण ते हात इतके घट्ट होते, की ताईंना खोटं बोलवेना.

"मी काही वाचलं नव्हतं गं," त्या खाली बघत म्हणाल्या. "मला तुमची भीती वाटली होती. तुम्ही दोघी भांडाल, म्हणून वेगळं ठेवलं."

मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि भिंगरी तोंडावर हात ठेवून खुदकन हसली.

"भांडतो ना, ताई, रोज!" शिडी डोळे पुसत म्हणाली. "हिची पोर पहिल्यांदा 'आई' म्हणाली ती माझ्याकडे बघून, आणि ही अजून कबूल करत नाही."